तारापलटणीचा सुभेदार

सितारामने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली ओढली आणि धूळ झटकायच्या आधीच तिची कडी उघडली. जुन्या गोधडीखाली ‘तारापलटण’ या चित्रकथेचे अंक होते. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण पानं शाबूत.

“सापडले गं, कुसुम!” तो ओरडला.

तिशीला टेकलेला, फौजेत हवालदार झालेला माणूस. पण आवाज पोरासारखा फुटला. ओसरीवर बसलेली धाकटी बहीण हसत आत आली. ती सेलूकडे शाळेत शिकवायची. सकाळच्या गाडीने दादा येणार म्हणून कालच पिंगळीला येऊन राहिली होती.

मामाच्या या घरी राहून सिताराम परभणीच्या शाळेत जायचा, तेव्हाचे हे अंक. स्टेशनावर नवा अंक आला की त्याला गाडी चुकल्याचंही भान राहत नसे. गुरूच्या चंद्रावर लढणारी पलटण, आणि तिचे सुभेदार मोहिते. काचेच्या शिरस्त्राणातूनही त्यांच्या मिशांचा पीळ दिसायचा. छपाई स्वस्तातली. तांबडा रंग रेषेबाहेर सांडलेला, त्यामुळे प्रत्येक जवानाच्या पाठीशी आणखी एक तांबडा जवान उभा आहे असं वाटे. सुट्टीत गावी जाताना सिताराम हे अंक घेऊन जाई आणि कुसुमला वाचून दाखवी. आपण या पलटणीपायी भरती झालो, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो मांडी घालून वाचायला बसला, जरा भीतभीतच. खऱ्या बर्फात राहून आलेल्या माणसाला आता हे सगळं पोरकट वाटलं तर?

पानं उलटत गेली. दरीत तुकडी अडकलेली. यान सुटायच्या बेतात. जवान चढायला धावतायत आणि सुभेदार दारात आडवे उभे. पार मागे बर्फात नखाएवढा एक जवान लंगडत येतोय. सुभेदारांच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : ‘पलटण शेवटच्या माणसापासून मोजायची!’

सिताराम त्या चित्रावरून बोट फिरवत राहिला.

“हे ज्यानं काढलं ना, त्याला फौज कळत व्हती बग. आमी बी असंच करतो. जो लय दमलाय, त्याच्याच चालीनं समदे चालतेत.”

“मला ठाव हाय,” कुसुम म्हणाली.

“तुला काय ठाव?”

ती त्याच्याशेजारी बसली.

“गाव सोडलं त्या दिवशीचं तुला कुणी सांगितलंच न्हाई.”

अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा. विद्यापीठाच्या नामांतरावरून बौद्धवाडे पेटवले जात होते. सिताराम तेव्हा नुकताच भरती होऊन लांब गेला होता. घर जळालं, वडील, म्हणजे आबा, सगळ्यांना घेऊन मामाकडे येऊन राहिले, एवढंच त्याला कळलं होतं.

“आबांनी गाडी जुपली. समदे चढायलेते. शेजारची सगुणा ओली बाळंतीण, तिला उठवंना. वेशीकडं धूर दिसायलाता. आबा म्हणले, थांबलो तर समदेच जातो. मग मी बैलांच्या म्होरं हुबी राहिले अन् कासरा धरला.”

“तू?”

“आबांनी थोबाडीत दिली. तरी सोडला न्हाई. मी वरडले, पलटण शेवटच्या माणसापासून मोजायची!”

सितारामने अंक खाली ठेवला.

“मग आबाच पळत गेले. सगुणाला उचलून आणलं, लेकरू माझ्याकडं दिलं. वाटंत मला म्हणले, कुणी शिकवलं गं तुला हे? मी म्हणले, सुभेदारानं.” कुसुम हसली. “त्यांना वाटलं, तुझ्या सुभेदारानं. तू लिहून धाडलं आसल. चित्राच्या पुस्तकातलं हाय म्हणायची माझी छातीच झाली न्हाई.”

दर सुट्टीला आबा सुभेदारांची खुशाली का विचारतात, निघताना त्यांच्यासाठी करडईच्या तेलाचा डबा का बांधून देतात, ते सितारामला आता उमगलं. एवढ्या वर्षांत सुभेदार कितीतरी बदलले होते. तेल सगळ्यांनीच खाल्लं होतं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. आबा बाजारातून आले होते. नजर अधू झालेली. पसरलेले अंक त्यांना दिसले नाहीत.

“आलास का लेका? सुभेदारसायब बरे हायत न्हवं?”

सितारामने उठून त्यांच्या पायांना हात लावला. मान वर केली तेव्हा तो कुसुमकडे बघत होता.

“बरे हायत, आबा,” तो म्हणाला. “लय बरे हायत.”