खाली आणणारी शिडी

मित्रांनो, वर चढवणारे जगात खूप भेटतात. हातात गाठोडे असताना सुखरूप खाली आणणारे थोडेच. मी त्यांच्यापैकी एक जुनी लाकडी शिडी आहे. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात, पण माझ्या वतीने बोलणार कोण? तेव्हा ऐका.

स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या अरुंद पॅसेजमध्ये मी उभी असते. माझ्या डोक्यावर माळा आहे. या घरातल्या आई कपडे शिवायच्या. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची. कापडाचे तुकडे, अस्तरे, मापांचे कागदी नमुने, सारे काही त्यांनी गाठोड्यांत बांधून माळ्यावर ठेवलेले. कोणत्या गाठोड्यात काय, हे एकट्या काकूंनाच ठाऊक.

मी येण्याआधी काकू टेबलावर स्टूल ठेवून वर चढत. एकदा स्टूल हलले, काकू पडल्या आणि गुडघा कायमचा दुखावला. मुलाने फर्मान काढले, "आई, आता माळा बंद. दाराला खिळेच ठोकतो. तुला काय हवं ते आधी काढून देतो."

काढून काय दिले? काकूंनी कॉलरचे नमुने मागितले, तर पठ्ठ्याने जुने पडदे आणले. अस्तर मागितले, तर उशीचा कापूस. शिवणयंत्र गप्प झाले आणि गिऱ्हाइके दारातून परत जाऊ लागली. "माळा बंद म्हणजे माझं काम बंद. मग मी काय भिंतीकडे बघत बसू?" असे काकूंनी विचारले. सूनबाईंनी नवऱ्याकडे नुसते पाहिले. दुसऱ्या दिवशी सुतार हजर!

त्याने मला एका जुन्या दाराच्या चौकटीतून घडवले. गोल दांडे, भिंतीला चिकटून ताठ उभी. मुलगा मोकळ्या हातांनी भराभर चढला, भराभर उतरला आणि "झकास!" म्हणाला. मी अशी फुगले की विचारू नका.

मग काकू चढल्या. हवे ते गाठोडे त्यांना लगेच सापडले. ते छातीशी धरून त्या माळ्याच्या कडेपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. दोन्ही हात अडकलेले, पायाखालचा दांडा दिसेना, गुडघा वाकेना.

"काकू, गाठोडं टाका खाली, आम्ही झेलतो," सुतार म्हणाला.

"आज झेलाल. रोज कोण झेलणार?" काकूंनी वरच बैठक मारली. "तुम्ही दोघांनी चढायची शिडी केलीत. मला उतरायचंय."

"आई, आधी खाली ये बघू. मग बोलू," मुलगा म्हणाला.

"खाली आले की तू खिळे ठोकशील. मी ओळखते तुला! अगं सूनबाई, माझा चहा वरच दे."

सूनबाई एका हाताने माझा दांडा आणि दुसऱ्या हाताने कप धरून चढू लागल्या. अर्धा चहा माझ्या अंगावर सांडला. तेव्हा कुठे सुताराच्या डोक्यात प्रकाश पडला.

मग काकूंनी वरून सांगावे आणि सुताराने मान डोलवावी. पाऊल पुरते टेकेल अशी रुंद पायरी हवी. शिडी जरा कलती हवी. काकूंच्या हाताला येईल असा कठडा हवा. आणि अर्ध्या वाटेवर भिंतीला एक फळी. आधी गाठोडे फळीवर ठेवायचे, मग आपण उतरायचे, मग गाठोडे घ्यायचे. म्हणजे एक हात नेहमी कठड्यावर राहतो. एवढे ठरल्यावरच काकू मुलाच्या आधाराने रिकाम्या हातांनी उतरल्या. गाठोडे मात्र वरच राहिले, ओलीस ठेवल्यासारखे.

सुताराने मला सोडवून पुन्हा जोडले. माझा वाढदिवस मी तोच धरते. कारण त्या संध्याकाळी काकू तेच गाठोडे घेऊन एकट्या खाली आल्या आणि माझ्या पायरीवर थाप मारून म्हणाल्या, "शाबास गं!" मुलाने खिळ्यांचा डबा गुपचूप कपाटात ठेवला. रात्रीच्या जेवणाआधी यंत्राची खडखड सुरू झाली. ती पुढे कितीतरी वर्षे थांबली नाही. शेजारीपाजारी मला पाहायला येत आणि "अश्शीच हवी" म्हणून सुताराला गाठत.

मग काकू थकल्या, आणि एक दिवस राहिल्या नाहीत. माझ्या कठड्यावर ओले टॉवेल आले, पायऱ्यांवर रद्दी आली. ज्याला त्याला माझी ठेच लागू लागली आणि मी शिव्या खाऊ लागले. खरे सांगते, फार वाईट वाटे.

परवा काकूंची नात म्हणाली, "बाबा, ही अडगळ काढू या ना. घडीची हलकी शिडी मिळते बाजारात."

"काढू," बाबा म्हणाले. म्हणजे तोच, खिळेवाला मुलगा! आता त्याचे केस पिकलेत आणि गुडघेही बोलतात. माळा रिकामा करायला तो वर गेला आणि काकूंचे नमुन्यांचे गाठोडे घेऊन उतरू लागला. कुणी न सांगता त्याने ते फळीवर ठेवले. मग त्याचा हात कठडा शोधू लागला. कठडा काकूंच्या उंचीचा, म्हणून त्याला वाकावे लागले. काकूंच्या तळव्याने गुळगुळीत झालेली जागा हाताला लागली आणि तो तिथेच थांबला.

"काय झालं बाबा? गुडघा दुखतोय?"

"नाही गं," तो म्हणाला. "आईनं हात दिला."

त्याने खाली येऊन टॉवेल काढले, रद्दी उचलली आणि माझा एकेक स्क्रू आवळला.

मित्रांनो, घरातल्या कुणासाठी काही करायला निघालात, तर त्याला नुसते जाताना पाहू नका. भरल्या हातांनी परत येताना पाहा. आणि अधूनमधून आमचे स्क्रू आवळत जा. आम्हाला तोंडाने मागता येत नाही, म्हणून तर आम्ही कुरकुरतो.