खालचा थर

जुन्या तेलविहिरीत एक नळी सोडतात. तिचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, दगडाला लागतो. दगडाच्या बारीक भोकांत बसलेला गाळ, मेण सुटतं. मेलेली विहीर पुन्हा तेल देते.

कांताचे गुडघे दुमडत नाहीत. चूल तिने विटांच्या ओट्यावर मांडली आहे. ती उभ्यानेच रांधते.

राजुऱ्याकडच्या या गावात पाण्याची एकच बोअर.

“बाई, किती देते?” गुलाबने बहिणीला, कांताला, विचारलं. गुजरातेत तो तेलविहिरींत तीच नळी सोडायचा. कंपनीला पाण्यावर प्रयोग करायचा होता. त्याने बहिणीचं गाव सुचवलं.

“दोन गुंड पाणी भरलं का दम टाकते. पहिले धो धो यायचं. पण ते पाणी जड होतं, त्यानंच माहे पाय गेले. कमी झालं तसं गोड झालं.”

“गोड राहू दे. मी धो धो आणतो.”

“तुले आपलं नाक साफ करता येत नव्हतं, बोअर साफ करतं म्हणे!”

त्याने नळी थेट तळापर्यंत सोडली. तेलात तसंच करतात. जेवढे थर उघडतील तेवढा फायदा. एखादा थर बुजलेलाच ठेवावा, हे त्याच्या हाताला माहीत नव्हतं.

आधी लाल गाळ आला, मग मनगटाएवढी धार. म्हाताऱ्या लटारूभाऊंनी तिच्याखाली डोकं धरलं. “गुलाब, बुडून मरतो का काय रे मी!”

आठवड्याने तालुक्याहून दिव्यानी पाणी तपासायला आली. तिचं गुलाबी औषध पाण्यात पिवळं पडलं.

“फ्लोराइड. यानेच हाडं आखडतात. मागच्या वर्षी नव्हतं,” ती म्हणाली. “खालचा थर बुजला होता, तो उघडला तुम्ही.”

“मंग बुजव ना परत,” कांता म्हणाली.

“उघडायचीच मशीन आहे, बाई,” गुलाब म्हणाला. “ सिमेंट ओतलं तर वरचंबी जाईल.”

पिऊ नये म्हणून दिव्यानीने बोअरला लाल रंग फासला. तो ओला असतानाच शेजारची रिना रिकामा गुंड कमरेवर घेऊन पाण्याला आली. कांताने काठी आडवी धरली.

“पाय पाह्य माहे.”

रिनाने पाहिले. मग वाकून काठीखालून गुंड धारेकडे सरकवला.

लग्नाआधी टेंभरं तोडायला झाडावर सगळ्यात उंच कांता चढायची.