तळहातावरचं विष

"काळा! काळा झाला बघा!" कोणीतरी ओरडलं आणि सभागृहातल्या खुर्च्या एकदम करकरल्या. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवर चढायचेच काय ते बाकी होते. स्टेजवर एका बाईचा तळहात बघता बघता काळाकुट्ट होत चालला होता. शेजारी पांढराशुभ्र कुडता घातलेले निर्मळदादा डोळे मिटून मान हलवत होते.

"विष आहे हे, ताई! दुकानातल्या साबणाचं, शांपूचं, मलमांचं! वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं! बंधूंनो, त्वचा कधी खोटं बोलत नाही!"

त्वचा नाही बोलत, हे कबूल. दादांचं तसं काही सांगता येत नव्हतं.

मग दादांनी त्या हातावर आपलं 'अमृतजल' शिंपडलं, आणि काळं भराभर उतरलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. साबण, दंतमंजन, फरशी पुसायचं पाणी, सगळं घरच्या घरी करायला दादा शिकवायचे. यात वाईट काय? काहीच नाही. वाईट होती ती पुढची अट. बाजारातली एक बाटली जरी घरात राहिली तरी शुद्धी फुकट. औषधाचं मलमसुद्धा चालायचं नाही.

तिसऱ्या रांगेत एक सून दातओठ खात बसली होती. पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या सासूचा हात मागच्या सभेत असाच काळा झाला होता. सासूला डायबेटिस, आणि पायाच्या अंगठ्याखाली जखम. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज साबणाच्या पाण्यानं धुवा, मलम लावा, पट्टी बदला. हयगय केलीत तर अंगठा काढावा लागेल. पण सभेतून आल्या आल्या सासूनं मलम केरात टाकलं आणि फळांची सालं आंबवून केलेलं दादांचं पाणी जखमेवर ओतायला लागली. आता खोलीत पाऊल टाकलं की वास यायचा.

"आई, पाय दाखवा बरं," सून काल म्हणाली होती.

"हात लावू नकोस. विष बाहेर पडतंय, म्हणून वास येतोय."

"अहो, अंगठा जाईल!"

"जाऊ दे. सगळ्यांसमोर काळी पडले मी. तसली घाण अंगात घेऊन नाही मरायचं मला."

सून स्वयंपाकघरात जाऊन रागारागानं रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. केसांचा रंग ती घरीच करायची. कडक चहा लोखंडी कढईत ठेवून दिला की काळाभोर होतो. तो ढवळताना बोटं बरबटली, आणि तिचा हात तिथेच थांबला. अगदी हाच काळा! तिनं लिंबाची फोड घेऊन बोटांवर घासली. डाग उडाला. "अस्सं होय!" ती भिंतीकडे बघून म्हणाली. दादा हाताला वाडग्यातलं तपकिरी पाणी लावतात, पण त्याआधी हात पुसायला बादलीतला ओला टॉवेल देतात, हे तिला आत्ता आठवलं. सासूला सांगून उपयोग नव्हता. जे सगळ्यांसमोर चढलं होतं, ते सगळ्यांसमोरच उतरायला हवं होतं.

म्हणून आज दादांनी "आता कोण?" विचारताच ती तरातरा स्टेजवर चढली.

"या, ताई. आधी हात पुसा."

"धुवून आलेय. दुकानातल्याच साबणानं, चांगला फेस काढून. वास घ्या हवा तर."

लोक हसले. दादा नाही हसले. "टॉवेल हा विधी आहे, ताई."

"विष माझ्या अंगात आहे ना? मग टॉवेलाचं काय काम?" असं म्हणत तिनं हात थेट तपकिरी पाण्यात बुडवून वर धरला. तपकिरी तो तपकिरीच राहिला.

"तुमची श्रद्धा नाही, म्हणून!"

"मघापर्यंत साबणानं काळा होत होता, आता श्रद्धेनं होतो? एक काय ते ठरवा!" आणि दादा पुढे होण्याआधीच तिनं टॉवेल ओढून त्याचं टोक वाडग्यात सोडलं. टोक काळंठिक्कर पडलं. तिनं ते उंच धरलं. "बोला, दादा! या टॉवेलानं कुठला शांपू लावला होता?"

हशाचा स्फोट झाला. दादांचा चेला टॉवेलाची बादली उचलायला धावला, पण पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी ती आधीच धरली होती. त्यांनी तळाशी हात घातला. "खिळे! गंजके खिळे, आणि व्हिनेगरचा हा भपकारा!"

"वाडग्यात कडक चहा आहे, टॉवेलाला खिळ्यांचं पाणी," सून म्हणाली. "चहा आणि लोखंड भेटले की काळं होतं. लिंबू लागलं की जातं. तेच यांचं अमृत."

"हिला कंपन्यांनी पाठवलंय!" दादा किंचाळले.

"कंपन्यांनी? अहो, माझ्या घरची भांड्यांची पावडर मी करते, केसांचा रंग मी करते, म्हणून तर तुमचं बिंग कळलं!" ती लोकांकडे वळली. "घरी करा हो, खुशाल करा. पण घरचं आहे म्हणून ते औषध होत नाही, आणि दुकानातलं आहे म्हणून विष होत नाही. कोणी घाबरवलं तर उठून विचारा. त्याच्या विधीशिवाय करून बघा. होत नसेल, तर घाबरू नका आणि डॉक्टरांचं मलम फेकू नका!"

पहिल्या रांगेतून सासू उठली आणि लंगडत पुढे आली. सून मनातून चरकली. आता चारचौघांत आपलीच खरडपट्टी निघणार.

सासू स्टेजच्या पायरीवर बसली. तिनं पायाला गुंडाळलेलं फडकं सोडलं. पुढच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले.

"तोंडं फिरवू नका," सासू म्हणाली. "माझा हात बघायला माना उंच केल्या होत्यात ना? आता पायही बघा. हा माझा मूर्खपणा आहे, आणि याचा." तिनं दादांकडे बोट केलं. मग सुनेपुढे हात धरला. "उठव मला. डॉक्टर दार बंद करायच्या आत पोचायला हवं."