फिर्मांचं झाकलेलं पातेलं

माझा नवरा फिर्मां माझ्यापासून काहीतरी लपवतोय असं मला पहिल्यांदा वाटलं ते फेब्रुवारीत, मिठाच्या काट्यावरून.

एकवीस वर्षं मी या माणसाला स्वयंपाकात मीठ घालताना बघत आले. बोटांच्या चिमटीत घ्यायचं, वरून सोडायचं, चमचा तोंडात घालायचा आणि स्वतःशीच मान हलवायची. त्या सकाळी मी आत गेले तर हा औषधाच्या दुकानात असतो तसल्या इवल्या काट्यावर मीठ तोलत होता.

"हे काय नवीन?"

"काही नाही. नेमकं पडावं म्हणून."

"एकवीस वर्षं काय चुकत होतं?"

 काटा कपाटात सरकवून त्यानं कांदे ओढले आणि चिरायला लागला.

आमचा बिस्त्रो, म्हणजे छोटं जेवणघर, व्हेर्निऑल गावच्या चर्चसमोर आहे. अठ्ठावीस खुर्च्या. दुपारचं जेवण सोळा युरो, त्यात चीज आलं आणि वाइनचा छोटा चंबूही आला. आधी ही माझ्या आईची खानावळ होती आणि आजही इथे तिचेच पदार्थ होतात. पोर्क भरून शिजवलेला कोबी, हिरवा मसूर, आणि पौंती, म्हणजे पालकासारख्या चार्डचा पाला, पोर्क, अंडी आणि पीठ एकत्र करून मध्ये सुके आलूबुखारे घालून भाजलेली जाड वडी. फिर्मां आईच्या हाताखाली शिकला आणि मग त्यानं माझ्याशी लग्न केलं. गेली चार वर्षं पॅरिसहून निघणाऱ्या उपाहारगृहांच्या एका मार्गदर्शिकेत 'कमी पैशात उत्तम जेवण' या यादीत आमचं नाव येतं. लोक दोन-दोन तास गाडी चालवत येतात, म्हणून आमचं चाललंय. नाहीतर तीनशे माणसांच्या गावात अठ्ठावीस खुर्च्या कोण भरणार?

काट्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. फिर्मां चव बघेनासाच झाला होता. बघितलीच तर मी समोर असताना, दाखवायला म्हणून बघितल्यासारखी. एप्रनच्या खिशात एक वही आली होती, ती तो झोपताना उशाशी ठेवायचा. एकदा दूध करपलं, जेवणाच्या खोलीत बसलेल्यांनी नाकं मुरडली, आणि हा शेगडीला टेकून उभा. मी हाक मारली तेव्हा दचकला. याचं मन थाऱ्यावर नाही, असं मी धरलं. पण मग कुठे आहे?

त्याच सुमारास तळ्याकाठी एक मोठं हॉटेल उभं राहत होतं. त्याचा मालक रूकेरोल आमच्याकडे दोनदा जेवून गेला आणि दोन्ही वेळा आत जाऊन फिर्मांशी हात मिळवून आला. दुसऱ्या वेळी दार लोटलेलं होतं.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

"कोबी आवडला म्हणाला."

"एवढा वेळ कोबीबद्दल?"

"मोठा कोबी होता," फिर्मां म्हणाला. एरवी मी हसले असते.

आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांत गास्तों आहे. आयुष्यभर गुरांचे सौदे केले, आता खिडकीजवळच्या टेबलावर बसून आमचे दोष काढतो. मार्चमध्ये एकदा ताटली पावानं पुसून घेत म्हणाला, "ओडिलबाई, एक विचारू? जानेवारीत तुमच्या मसुरानं मला तीन ग्लास पाणी प्यायला लावलं. त्यानंतर पंधरा दिवस त्याला चवच नव्हती. आणि आता बघा, थेट तुमच्या आईच्या हातचं. आत कुणी बाई ठेवलीय काय?"

"तुमचं लग्न लावायचंय का तिच्याशी?"

"मसूर असा करत असेल तर बोला तिच्याशी."

मी हसून प्लेट उचलली. पण 'बाई' हा शब्द डोक्यात राहिला.

दोनच दिवसांनी टपालवाली गिलेन पत्रं द्यायला आली आणि दारातच रेंगाळली. "तुझा फिर्मां हल्ली बराच चालतो हं."

"म्हणजे?"

"रोज दहाच्या सुमाराला खाली, जुन्या धुण्याच्या टाक्याकडे. हातात झाकलेलं पातेलं असतं. मला वाटलं कुणी आजारी आहे."

"असेल कुणीतरी."

"मला काय करायचंय. मी आपली पत्रं टाकते," गिलेन म्हणाली, आणि माझा चेहरा पुरता बघून झाल्यावरच गेली.

दहा वाजता मी पुढच्या खोलीत असते. भाजीवाला येतो, फोन वाजत असतो, टेबलं लावायची असतात. त्या वेळी फिर्मां पाद्रीबाबांच्या मळ्यातून पार्सली, ती कोथिंबिरीसारखी पानं, आणायला जातो, असं तो सांगायचा. पार्सली आणायला पातेलं कशाला लागतं?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वाढपिणीला, नादेझला, फोनवर बसवलं आणि चर्चच्या मागच्या पायऱ्यांनी उतरले. फिर्मां पुढे चालला होता, पातेलं दोन्ही हातांत धरून, पाय जपून टाकत. टाक्याच्या पलीकडे तिसऱ्या घरापाशी थांबला. त्यानं दार वाजवलंही नाही, ते आतून उघडलं. कुणीतरी त्याची वाट बघत होतं.

ते घर आर्लेतचं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं.

दुसरी कुठलीही बाई असती तर मला कमी लागलं असतं. आर्लेत आणि मी अकरा वर्षं बोललो नव्हतो. शेवटच्या वर्षी आईला मी शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. आर्लेतच्या मते बिस्त्रोच्या पायी मी आईला टाकून दिलं. तसं ती आईच्या दफनाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर म्हणाली, आणि तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही असंही म्हणाली. एवढ्याशा गावात कुणाशी न बोलणं सोपं नसतं. मी पाव घ्यायला आठला गेले की ती नवाला जायची. चर्चमध्ये ती डावीकडे बसायची, मी उजवीकडे.

मी तिच्या खिडकीच्या कडेनं आत पाहिलं. आर्लेत टेबलाशी बसली होती, मांडीवर रुमाल पसरून. तिनं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, बराच वेळ तशीच बसली आणि मग काहीतरी बोलायला लागली. फिर्मां समोर बसून शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून वहीत लिहीत होता.

घरी येईपर्यंत माझ्या मनात सगळं जुळलं होतं. आईचे पदार्थ माझ्याइतकेच आर्लेतला माहीत. ती सांगतेय, हा लिहून घेतोय, आणि उन्हाळ्यात हॉटेल उघडलं की दोघं मिळून ते सगळं तळ्याकाठी रूकेरोलकडे नेणार.

अकराला फिर्मां परत आला. हातात पार्सलीची जुडी होती.

"कुठे होतास?"

"पार्सली आणायला गेलो होतो."

इतकं सहज खोटं बोलला की मलाच नजर वळवावी लागली. दुपारी चोवीस माणसं जेवली. मी सगळ्यांशी गोड बोलले.

त्या आठवड्यात मी जे केलं त्याची आज लाज वाटते. त्याच्या कोटाचे खिसे तपासले. वहीसाठी दोनदा उशीखाली हात घातला, दोन्ही वेळा तो जागा झाला. आणि गिऱ्हाईक असल्याचं भासवून मी रूकेरोलच्या हॉटेलात फोन लावला.

"तुमच्याकडे स्वयंपाकी कोण असणार?"

"अजून नक्की नाही, मादाम," पलीकडची मुलगी म्हणाली. "बोलणी चालू आहेत."

बोलणी चालू आहेत. एवढंच मला पुरेसं होतं.

सोमवारी आम्ही बंद असतो. त्या दिवशी फिर्मां एकटाच मंगळवारची तयारी करतो. मी वरच्या खोलीत बसून काय बोलायचं ते पाठ केलं. पहिलं वाक्य होतं, 'आर्लेतला माझा नमस्कार सांग.' मग जिना उतरले आणि स्वयंपाकघराचं दार ढकललं.

गॅसचा इतका उग्र वास आला की डोळे चुरचुरले. खिडक्या बंद होत्या. फिर्मां शेगडीसमोर उभा होता, रेडिओ ऐकत, हातात लायटर.

पाठ केलेलं सगळं विसरले. मी त्याचं मनगट धरलं.

"खाली ठेव. पेटवू नकोस."

"काय झालं?"

मी लायटर काढून घेतला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्याला दंडाला धरून मागच्या अंगणात आणलं. रबरी नळी निसटली होती, ते नंतर कळलं. तेव्हा मी बटाट्यांच्या खोक्यावर बसले.

"तुला वास आला नाही?"

"कसला?" तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याला कळलं, आणि तो पांढराफटक पडला.

तिथेच, थंडीत उभं राहून, त्यानं सांगितलं. जानेवारीत ताप आला होता, तो उतरला, पण वास परत आला नाही. चवही जवळजवळ गेली. फार खारट, फार आंबट तेवढं जिभेला कळायचं. ऑरियाक शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल किंवा येणारही नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस. त्या यादीत नाव आल्यापासून तू झोपेतसुद्धा टेबलं मोजतेस."

"आणि आर्लेतला सांगितलंस."

"मला कुणीतरी चव सांगणारं हवं होतं, ओडिल."

"मी काय मेले होते?"

"तू छानच म्हणतेस. जानेवारीत मसूर खारट झाला, तेव्हा मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, छान झालाय. गास्तोंनं ताटली परत पाठवली तेव्हा मला कळलं."

त्यानं विचारलं होतं हे मला आठवत होतं. हातात तीन प्लेट होत्या, मी चमचा जिभेला लावला न लावला आणि छान म्हणून पुढे गेले होते.

"आर्लेतला मी कधीच आवडलो नाही," फिर्मां म्हणाला. "म्हणून तिच्याकडे गेलो. ती मला बरं वाटावं म्हणून काही बोलणार नाही."

"आणि रूकेरोल?"

"त्यानं विचारलं होतं. नाही म्हटलं. ज्याला स्वतःला चव नाही त्यानं दुसऱ्याच्या हॉटेलात काय करायचं?"

त्यानं खिशातून वही काढून माझ्या हातात दिली. पानापानावर तेच. 'मंगळवार, मसूर, मीठ चिमूटभर कमी. बुधवार, पौंती, आलूबुखारे भिजले नाहीत. शुक्रवार, कोबी, आर्लेत काही बोलली नाही, सगळं खाल्लं.'

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पातेलं मी घेतलं. फिर्मां नको म्हणत नव्हता, पण दारापर्यंत मागे मागे आला.

आर्लेतनं दार उघडलं आणि मला बघून तिचा हात कडीवरच राहिला. केस पूर्ण पांढरे झाले होते. लांबून ते इतके दिसत नसत.

"तो कुठाय?"

"गॅसवाला आलाय. नळी बदलतोय."

"हं." तिनं पातेल्याकडे पाहिलं. "आत ये. गार होईल."

मी आत गेले. तिनं रुमाल मांडीवर पसरला आणि चमचा घेतला. मी समोर बसले. वही आणायचं विसरले होते.

"जायफळ जास्त झालंय," ती म्हणाली. "आईनं एवढं घातलं नसतं."

"आई जायफळ घालायचीच नाही."

"घालायची. तुला आवडत नव्हतं म्हणून तुला सांगायची नाही."

मग ती टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करत म्हणाली, "एक विचारते. खरं सांगशील?"

"विचार."

"आई गेली त्या सकाळी तू मला मुद्दामच कळवलं नाहीस ना?"

अकरा वर्षं ती हे धरून बसली होती. मला धक्काच बसला, कारण असं काही माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मलाच कळलं नाही, आर्लेत. वृद्धाश्रमातून फोन आला तो ती गेल्यावर. मी तिथे पोचले तेव्हा खोली आवरूनसुद्धा झाली होती."

"तू तिच्याजवळ नव्हतीस?"

"नव्हते. दुपारच्या जेवणाची तयारी करत होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझं खरं की खोटं ते ठरवत असावी. मला त्याचा राग आला नाही. आदला आठवडाभर मी दुसरं काय केलं होतं?

"मला वाटायचं तू तिथे होतीस," ती शेवटी म्हणाली. "वाटायचं, तिनं तुला शेवटचं काहीतरी सांगितलं आणि तू ते स्वतःजवळ ठेवलंस."

"काही नाही ठेवलं."

तिनं चमचा परत पातेल्यात घातला. रिकामं होईपर्यंत आम्ही दोघींनी त्यातलंच खाल्लं.

आता चार महिने झाले. फिर्मांचा वास परत आलेला नाही. नवी शेगडी आणलीय, गॅस सुटला की आपोआप बंद होणारी. गावाला आम्ही सांगून टाकलं. पंधरा दिवस लोक संशयानं घास चघळत होते, गास्तोंनं तर एकदा गंमत म्हणून मसूर फिर्मांला वास घ्यायला परत पाठवला. मग त्यांनाच त्याचा कंटाळा आला.

आर्लेत पहिले दोन महिने वर आली नाही. शब्द म्हणजे शब्द. मग जूनमध्ये तिचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी चढ टाळा म्हणून सांगितलं आणि ती दुसऱ्याच दिवशी काठी टेकत चढून आली, मागच्या दारानं. पुढच्या उंबऱ्याबद्दल बोलले होते, म्हणाली, मागच्याबद्दल नाही. खिडकीखालची खुर्ची तिची झाली. दहा ते अकरा बसते, चार पदार्थ चाखते, चारातले तीन नाकारते. फिर्मां निमूटपणे लिहून घेतो. माझं तिच्याशी रोज भांडण होतं, बहुतेक जायफळावरून.

काल मी फोनवर होते आणि खिडकीतून फिर्मां खालच्या रस्त्याला लागलेला दिसला. आर्लेत तर आतच बसली होती. मी फोन तसाच कानाला धरून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. वीस मिनिटांनी तो आला.

"कुठे गेला होतास?"

"आर्लेतचा चष्मा राहिला होता घरी," त्यानं चष्मा दाखवला. "का?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि मघाशी फोनवर सांगितलेली, लिहायची राहून गेलेली रविवारची सहा माणसं लिहून घेतली.