डावखुऱ्या दगडांची पेटी

वर्गात तिला सगळे डावरी म्हणत. तिला राग येत नसे, सवयच झाली होती. आई शिवणकाम करायची. आईची कात्री हिच्या डाव्या हातात गेली की कापड कापायचं सोडून चावायची. "तुझं सगळंच उलटं," आई वैतागायची.

मानवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी संग्रहालयाची एक पेटी वर्गात आणली. आत कातडं खरवडायची जुनी दगडी हत्यारं, वर चिठ्ठी: 'बिघडलेली. टाकाऊ.' चित्रं काढायचा सराव करा म्हणून मिळालेली.

"धार भलतीकडेच आहे," वर्गातला लंबू म्हणाला. दगड त्याच्या मुठीत बसेना.

डावरीनं तो घेतला. अंगठा आपोआप एका खोबणीत जाऊन बसला, धार खाली आली. तिनं दुसरा उचलला, मग तिसरा.

"मॅडम, हे बिघडलेले नाहीत. हे डावखुऱ्या माणसाचे आहेत."

"झालं! हिला दगडांतही भाऊबंद सापडले," असं म्हणाला तो रेडिओ. अखंड बडबडीमुळे पडलेलं नाव. वर्ग खो-खो हसला.

मॅडम हसल्या नाहीत. "तुला वाटतं, एवढ्यानं भागत नाही. दाखवून द्या. एकटीनं नाही, सगळ्यांनी मिळून."

विभागामागच्या अंगणात दगडफोड सुरू झाली. बोटं ठेचली, चष्मे पांढरे झाले. लंबूचा हात बसला तेव्हा तो तशीच नवी हत्यारं घडवू लागला. डावरीच्या मामाचा चपलांचा कारखाना होता, तिथून कातड्याचे तुकडे आले. हातानुसार धारेवर वेगळ्या खुणा उमटतात का ते बघायला अर्धा वर्ग उजव्या हातानं खरवडायचा, अर्धा डाव्या. तळहातांना फोड आले. आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर धारेवर नुसती गिचमिड.

"गेली मेहनत पाण्यात," लंबू मटकन बसला.

"पाण्यातच घालायला हवं होतं!" रेडिओ ओरडला. "आपण वाळकं कातडं घासतोय. ते लोक ओलंच खरवडत असणार ना?"

कातडी भिजवली, नव्या धारांनी पुन्हा सुरुवात केली. या खेपेला धारेवर बारीक रेघा उमटल्या. उजव्या हाताच्या एका बाजूला कललेल्या, डाव्या हाताच्या दुसऱ्या. खात्री करायला रेडिओनं सगळे दगड गुपचूप मिसळून टाकले. डावरी आणि लंबूनं ते फक्त रेघांवरून वेगळे केले. एकही चुकला नाही. मग पेटीतले जुने दगड भिंगाखाली गेले. जवळजवळ सगळ्यांच्या रेघा डाव्या हाताच्या!

विद्यापीठाच्या परिषदेत वर्गानं हे मांडलं, तेव्हा पहिल्या रांगेत संग्रहालयाचे प्रमुख बसले होते. ती चिठ्ठी त्यांच्याच हातची. ते उठले. "पोरांनो, दगडाला कसला आलाय डावा-उजवा हात?"

डावरीनं वळून पाहिलं. अख्खा वर्ग तिच्या मागे उभा होता. ती खाली उतरली आणि तिनं एक जुना दगड प्रमुखांच्या उजव्या हातात दिला. "धरून बघा, सर."

त्यांनी फिरवला, उलटा केला. बसेना.

"आता डाव्या हातात."

त्यांचा अंगठा खोबणीत गेला. ते मोकळेपणी हसले. "तीस वर्षं मी हे चुकीच्या हातात धरत होतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेतून आई उठली आणि शेजारच्या अनोळखी बाईंना मोठ्यानं सांगू लागली, "ती डावखुरी आहे ना, ती माझी मुलगी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाच्या दाराशी संग्रहालयाची गाडी लागली. आत आणखी पेट्या होत्या, सगळ्यांवर 'टाकाऊ' लिहिलेलं. सोबत प्रमुखांचा निरोप: मुलांना म्हणावं, हेही तपासा, तुमच्याच पद्धतीनं.

पायऱ्यांवर मुलांची साखळी लागली आणि पेट्या हातोहात वर जाऊ लागल्या.