चूल पेटली का?

“पुन्हा हाललं का वं तिकडं?” खाटेवरच्या कुरडया उलटत जनकाबाईंनी विचारलं.

सुवर्णानं फोन पालथा ठेवला. “जरासं, आई. सकाळी.”

हिमाचलातल्या ज्या डोंगरगावात पुढच्या आठवड्यात जायचं होतं, तिथं भूकंप झाला होता. रस्ता मोकळा झाला, पाहुणे येऊ लागले, असं बातम्यांत सांगत होते. सुवर्णाला मात्र तिथल्या घरांच्या फोटोतली भिंतीची भेग तेवढी दिसायची, आणि त्या भेगेखाली झोपलेली आपली संबोधी. पोर अजून नीट बोलायलाही लागली नव्हती.

सहल नवऱ्याची किंवा तिची असती, तर तिनं केव्हाच नाही म्हटलं असतं. पण ती सासूबाईंची होती. जनकाबाईंनी उभा जन्म बीबी गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढला. खिचडी शिजवली, गावाच्या लेकरांची नाकं पुसली. तिथल्या भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. बर्फ कसा असतो, असं लेकरांनी विचारलं की जनकाबाई ठोकून द्यायच्या, “भिजवलेल्या साबुदाण्यावानी!” निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलानं, संघर्षनं विचारलं, आई, तुले काय पाह्यजे? तेव्हा म्हणाल्या, “लेकरायले मी खरं सांगलं का खोटं, ते एकदा पाहून येतो.” जांभळा स्वेटर आला तेव्हा भर उन्हाळ्यात तो अंगात घालून त्यांनी सगळ्या गल्लीला दाखवला होता.

संध्याकाळी संघर्ष म्हणाला, “जाऊ ना वं. लोकं जाऊन राह्यले.”

“लोकांचं लोक पाहतील. माझ्याजवळ लेकरू आहे.”

“मंग तूच सांग आईले.”

तेच तर तिला जमत नव्हतं. तेवढ्यात जनकाबाई पदराला हात पुसत आत आल्या. “लाव बरं आपण जिच्या घरी उतरणार त्या घरमालकिणीले फोन. मी बोलतो.”

“काय विचारणार, आई?”

“जे विचारा लागते ते.”

फोन लागला. जनकाबाई घसा खाकरून ओरडल्याच, “जयभीम बाई! मैं बुलढाणा जिल्हे से बोलती. चूल्हा पेटा क्या तुम्हारे घर का?”

संघर्षला हसू फुटलं. पलीकडची बाई मात्र हसली नाही. तिनं सांगितलं. शेजारचे आजोबा गेले. स्वैपाकघराची भिंत पडली. अंगणात ताडपत्री बांधून रांधतो. “लेकिन आप आइए, माँजी. एक कमरा ठीक है, आपके लिए रखा है.”

“और तुम किधर सोते?”

“हमारा क्या... बाहर सो जाते हैं.”

गल्लीत कुठं मयत झालं की त्या घरी भाकर पोचवणाऱ्यांत जनकाबाई पहिल्या असायच्या. ज्या घराची चूल पेटली नाही, तिथं त्या पाण्याच्या घोटापलीकडे काही घेत नसत.

“नही आते अभी,” त्या म्हणाल्या. “भिंत बांधो पहले. चूल्हा अंदर गया की फोन करो. तब आते.”

फोन सुवर्णाच्या हातात देत त्या संघर्षकडे वळल्या. “तिकिटं रद्द कर. ते लेकरंबाळं घेऊन बाहेर निजतीन, अन् मी त्यायच्या खोलीत? असा पाहुणा असते का?” मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, “तू कायले तोंड पाडून बसली? तुह्या भेवानं नाही राह्यलो मी. बर्फ काही पळून नाही जाऊन राह्यला!”

इतके दिवस सुवर्णा फोनवर भिंतीच्या भेगा मोठ्या करून करून पाहत होती. त्या भिंतीमागची माणसं रात्री कुठं निजतात, हे तिला सुचलं नव्हतं. आणि नाही म्हणायचं जे ओझं ती छातीवर घेऊन फिरत होती, ते सासूबाईंनी बोलता बोलता उचलून आपल्या अंगावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या डोंगरगावी पोस्टानं पाठवायचं खोकं जनकाबाईंनी स्वतः भरलं. वाळलेल्या कुरडया, ज्वारीचे पापड, लसणाची चटणी. सुतळी बांधायला सुवर्णानं खोकं धरलं, तर फटीतून जांभळी बाही बाहेर आलेली.

“आई, हा तर तुमचा नवा...”

“कुरडया फुटतीन ना मंग वाटेनं.”

जनकाबाईंनी बाही आत खोचली. सुतळीचा पीळ ओढला आणि म्हणाल्या, “गाठीवर बोट ठेव.”