उलट्या पायांचे विमान

मी एक जुने प्लास्टिकचे विमान आहे, मित्रांनो. तुमच्या वहीवर आरामात मावेन एवढेच. मी पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची प्रतिकृती, म्हणून मला चाके नाहीत. पोटाखाली दोन लांबट होड्या आहेत, तेच माझे पाय.

मी एका खोक्यातून एकशे चार तुकड्यांत आले. मला जोडले एका घड्याळजींनी. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळे दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या सकाळी खिडकीपाशी बसून माझे तुकडे जुळवायचे, असा त्यांचा नेम होता. घाई नावालाही नव्हती. माझा नाकावरचा पंखा तर त्यांनी असा बसवला, की नुसती फुंकर मारली तरी गरगर फिरे. घरी येणारा पाहुणा चहाआधी फुंकर मारून जाई. माझ्यानंतर त्यांनी आणखी सहा-सात मॉडेल केली, पण कपाटावरची मानाची जागा माझीच राहिली.

एके दिवशी घड्याळजींची बायको कपाट पुसत होती. त्या बालवाडीत शिकवत. त्यांच्या फडक्याचा धागा माझ्या शेपटीत अडकला आणि मी थेट जमिनीवर! दोन्ही पाय निखळले, पंखा सुटला, वैमानिकाच्या डोक्यावरची काच उडाली. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. नवरा घरी यायच्या आत मला होते तसे करायचे, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून सुपरग्लू घेऊन आल्या. हेतू चांगला होता, पण हात घाईचे. तो ग्लू विचार करायला सवडच देत नाही. टेकला की चिकटला. माझे पाय टाच पुढे आणि बोटे मागे असे बसले. पंखा जागच्या जागी घट्ट झाला. ग्लूच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरली. आतल्या वैमानिकाला जणू मोतीबिंदूच झाला.

संध्याकाळी घड्याळजी आले. माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले, चष्मा पुसला आणि जेवायला बसले. ते काही बोलले नाहीत. बाईही बोलल्या नाहीत.

अशी नऊ वर्षे गेली. घड्याळजींनी नवे मॉडेल करायला घेतले नाही. आणलेली दोन खोकी माळ्यावर तशीच पडून राहिली. आपल्यामुळे यांचे मन उडाले, असे बाईंना वाटे आणि त्या माझ्याकडे बघायचे टाळत. माझ्यावर धूळ साचली. पाहुणे येत, पण फुंकर कुणी मारीना.

पुढे घड्याळजींनी दुकान बंद केले. घरी बसून ते एकच वर्तमानपत्र दोनदा वाचू लागले. बाईंना ते बघवेना. एका सकाळी त्यांनी मला खाली काढले आणि नवऱ्यापुढे ठेवले.

"हे माझ्या हातून पडलं होतं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं सांगेन सांगेन म्हणतेय."

"माहीत आहे," घड्याळजी म्हणाले. "भुताचे पाय उलटे असतात असं ऐकलं होतं. विमानाचे तेव्हा पहिल्यांदा पाहिले."

बाईंना हसू आले आणि डोळेही भरून आले. मग तेव्हाच का बोलला नाहीत, असे त्यांनी विचारले.

"तू जीव लावून जोडलं होतंस. ते उचकटायचं, की तुझ्यादेखत नवं करत बसायचं? दोन्हीनं तुला टोचलंच असतं."

एकमेकांना जपता जपता दोघांनीही तोंड शिवून घेतले होते. बाई म्हणाल्या, आता टोचत नाही, उचकटा.

घड्याळजींनी आधी माझ्या शेपटीखाली ओघळलेल्या ग्लूवर नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब लावला. ग्लू मऊ झाला खरा, पण शेपटीलाही लोण्यात पडावा तसा खड्डा पडला! त्यांनी झटकन पुसून घेतले. आहे तेही हातचे जाईल, म्हणून मला परत कपाटावर ठेवायला निघाले. बाईंनी मात्र हार मानली नाही. त्यांनी मॉडेलच्या दुकानात फोन लावला. दुकानदारीण म्हणाली की हा ग्लू थंडीत ठिसूळ होतो, विमान सरळ फ्रीजरमध्ये ठेवा.

मग एका डब्यात बसून मी दुपारभर मटारांच्या पिशवीशेजारी कुडकुडत होते. आज मोडते की वाचते, याच विचारात होते. बाहेर काढल्यावर घड्याळजींनी माझे पोट दोन्ही हातांत अलगद धरले आणि बायकोला म्हणाले, "पाय तू फिरव. तुझा हात हलका आहे."

बाई कचरल्या. मग त्यांनी पाय किंचित पिळला. कट्! पाय साफ सुटला. मला ओरखडासुद्धा नाही. दुसराही तसाच निघाला, मग पंखा, मग काच.

पुढचे दोन महिने दोघे खिडकीपाशी असत. उरलेला ग्लू ब्लेडने खरवडला. काच कापसावर टूथपेस्ट घेऊन बाईंनी इतकी घासली, की वैमानिकाला पुन्हा दिसू लागले. शेपटीचा खड्डा रंगाखालीही थोडा दिसतोच. दिसू दे, मला त्याची लाज वाटत नाही. शेवटी पंखा बसला. पहिली फुंकर बाईंनीच मारली, आणि तो फिरला.

आता माळ्यावरची खोकी खाली आली आहेत. बाई आगीचा बंब जोडत आहेत. त्याच्या लाल रंगावरून रोज वाद चालतो, आणि तो ऐकायला मला फार आवडते.

मित्रांनो, वस्तू हातून पडतात. त्यात काही नवल नाही. जोडताना घाई करू नका. ग्लू लावण्याआधी तुकडा एकदा कोरडाच लावून बघा. आणि तुटले ते त्याच दिवशी सांगून टाका. माझे पाय सुटायला एक दुपार पुरली. त्या दोघांना एक वाक्य बोलायला नऊ वर्षे लागली. तुम्ही एवढा वेळ लावू नका.